धबुकारातलं नाव

दिवाळी तोंडावर आली आणि निघून गेलेला पाऊस अर्ध्या वाटेतून मागं फिरला. हिरासिंग राठोडाच्या वावरात पऱ्हाटी यंदा अशी फुटली होती की बांधावरून जाणारा माणूस उभा राहून बघायचा. त्याच फुटलेल्या कापसावर दोन रात्री पाऊस नुसता ओतला. बोंडातला कापूस ओल्या चिंधीसारखा खाली लोंबायला लागला. आता ऊन पडेल तसा तो घाईनं वेचायचा, नाहीतर काळा पडताना बघत बसायचं, एवढंच हातात होतं. आणि वेचायला हातच मिळत नव्हते.

तांडा केळापूरच्या अलीकडं, माळावर. या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे. मग बैल गेले, वावरं आली, आणि सगळे एका जागी बसले. आता नातवंडांच्या पायाला पुन्हा भिंगरी लागली होती. हिरासिंगचा एकुलता एक मुलगा सुनील कुवेतला रोटीच्या कारखान्यात भट्टीवर होता. यंदा वेचणीला घरी येतो, असा त्यानं शब्द दिला होता. त्याची आई सुखीबाई आल्या-गेल्याला ते सांगत होती. त्याची बायको रंजिता कुणाला काही सांगत नव्हती, पण तिनं नवी गोधडी उन्हात घालून ठेवली होती.

आणि पाऊस उघडला त्याच दिवशी सुनीलचा फोन आला.

"बा, माहं येनं होत नाही."

"काहून?" हिरासिंग चिखलाचे पाय घेऊन दारातच उभा होता.

"रामधनचा बाप मेला. माहा रूमवाला नाही का, आदिलाबादकडचा, आपल्यातलाच. भट्टीवरून एका टायमाले एकाच मानसाले सोडतेत. नंबर माहा होता, मी त्याले देल्ला. दिवाळी झाली का तो निंगते."

"त्याच्या बापाले तं जाळूनही झालं असन."

"झालं. पन याडीजवळ, आपल्या मायजवळ जाऊन बसन तरी बिचारा."

हिरासिंगच्या डोक्यात तिडीक गेली. "अन् तुहा बाप जित्ता हाय, म्हून त्याचं काहीच नाही? लोकाच्या मेलेल्या बापासाठी तू आपल्या बापाले चिखलात सोडलं!"

तिकडं सुनीलनं ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "बा, एक काम होतं. पाडव्याले पितराईचा धबुकार करसान तवा रंजिताले फोन चालू ठेवू द्या. आमच्या रूममधे कोनी बुढा मानूस नाही. नावं कशी घ्याव, कोनाले माहीत नाही. तुमी घ्या, आमी इकडे घास टाकतो. अन् शेवटी रामधनच्या बापाचं नाव घ्या. फूलसिंग. त्याची ही पहिलीच दिवाळी हाय."

"घेतो," हिरासिंग म्हणाला आणि फोन सुनेच्या हातात आदळला.

दुसऱ्या दिवशी तो पांढरकवड्याच्या चौकात मजूर बघायला गेला. बाया ऑटोत बसून दुसऱ्यांच्या वावरात निघाल्या होत्या. त्यानं हात जोडले, गाडीभाडं देतो म्हणाला, चहा देतो म्हणाला. एक बाई हसून म्हणाली, "काका, तुमचा पोरगा तं कुवेतले हाय. त्याले सांगा ना, एखादी मशीन पाठवाव." ऑटोतल्या सगळ्या हसल्या. त्या काही वाईट नव्हत्या, आणि म्हणाल्या त्यात खोटंही काही नव्हतं. पण हिरासिंगला ते हसू वावरापर्यंत पुरलं. दिवसभर पोटाशी ओटी बांधून तो वाकून वेचत होता, गुडघा ठणकत होता, वाळल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला शिरत होती, आणि प्रत्येक बोंडागणिक तो मनात पोराशी भांडत होता. राग असा वाकून वाकून पोसला की चांगला धष्टपुष्ट होतो.

पाडव्याची सकाळ उजाडली. सुखीबाईनं लापसी केली. चुलीतले निखारे परातीत काढून अंगणात सारवलेल्या जागी ठेवले. हिरासिंगची म्हातारी आई हंसाबाई भिंतीला टेकून बसली. रंजितानं फोन पाण्याच्या गुंडाला टेकवून उभा केला. फोनमध्ये कुवेतची ती खोली दिसत होती. वरखाली लोखंडी पलंग, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली गोल करून बसलेली तरणी पोरं, सुनीलही त्यांत. मध्ये, पोरांच्या पाठींआड, विजेची शेगडी. छतावरच्या धुराच्या घंटीला त्यांनी प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ते बघून हंसाबाई हसली.

"रामरामी, काका!" पोरं एका आवाजात म्हणाली. कुणी निजामाबादकडचा, कुणी विजापूरकडचा. पण बोली सगळ्यांची एकच, याच अंगणातली.

हिरासिंगनं डोक्याला फेटा गुंडाळला आणि निखाऱ्यांपुढं बसला. धबुकारात बाकी काही नसतं. गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि घास विस्तवावर सोडायचा. धूर वर गेला की ज्याचं त्याला पोचलं. त्यानं पणजाचं नाव घेतलं, घास सोडला. फोनमधून चर्र असा आवाज आला. तिकडं शेगडीच्या तव्यावरही गूळ पडला होता. आजाचं नाव, चर्र. बापाचं नाव, चर्र. लहानपणी गेलेल्या भावाचं नाव, चर्र. हिरासिंगचा आवाज जड झाला होता. घरातली माणसं एरवी त्याचं धड ऐकत नव्हती, आणि आज परमुलखातली पोरं त्याच्या शब्दावर हात हलवत होती.

आता शेवटचं नाव राहिलं. फूलसिंग. ज्याच्यापायी पोरगा आला नाही तो माणूस. हिरासिंगनं घास उचलला. चौकातलं हसू आठवलं, काळा पडणारा कापूस आठवला. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्याची जीभ वळली आणि म्हणाली,

"सुनील."

घास विस्तवावर पडला. फोनमधून चर्र असा आवाज आला.

फोनमधल्या पोरांच्या माना खाली गेल्या. एक हात पुढं आला आणि चित्र बंद झालं. सुखीबाईनं धावत जाऊन निखाऱ्यांत बोटं घातली, तो घास काढायला. घास जळून चिकटला होता. तिची बोटं तेवढी पोळली.

"चुकून निंगालं," हिरासिंग म्हणाला. "कसम हाय, चुकून निंगालं."

हंसाबाईनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "आगीले जुनं सरपन द्याव रे," ती म्हणाली. "मी इथं वाळून बसली हावो ना? मले टाकलं असतं. वल्लं काहून टाकलं?"

त्या दिवसापासून सुनीलनं फोन उचलला नाही.

दुपारचा केला, उचलला नाही. सकाळचा केला, उचलला नाही. रंजिता ओटी बांधून वावरात जायची आणि ओळीत सगळ्यांच्या पुढं वेचत राहायची. सासऱ्याला ती एक शब्द बोलली नाही. पूर्वी पाणी पिताना आधी त्याला लोटा द्यायची, आता लोटा बांधावर ठेवून द्यायची. सुखीबाई पोळलेल्या बोटांना चिंध्या गुंडाळून वेचत होती. चिंध्यांना कापूस चिकटायचा. हिरासिंग म्हणाला, "तू राहू दे." ती म्हणाली, "आता राहू देऊन काय करू?" आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

तांड्यात गोष्ट लपत नाही. दुकानावर तंबाखू घ्यायला गेला तर बोलणी बंद व्हायची. एकानं काळजीनं विचारल्यासारखं करून विचारलं, "पोरगा बरा हाय ना, हिरासिंग?" त्या 'बरा'मध्ये काय होतं ते हिरासिंगला कळलं. तंबाखू न घेताच तो परत आला.

शेवटी तो तांड्याच्या नायकाकडं, किसनसिंगकडं गेला. नायक वाळत घातलेला कापूस हातानं परतत होता.

"जित्त्या मानसाचं नाव धबुकारात घेतलं गेलं तं मागं कसं घ्याव, नायक?"

"मी तं असं कोनी केलेलं आयकलं नाही," किसनसिंग म्हणाला. त्याचा हात थांबला नाही. "पितराले देल्लं ते वापस मागता येत नाही. मले वाटते तेवढं सांगतो. मेला मानूस खात नाही, धूर घेते. ज्यानं बापाच्या नावचा घास तोंडात घालून खाल्ला, तो जित्ता. पोराले तुह्या घरचा घास खाऊ घाल."

"तो तिकडे समुद्रापार हाय."

"मंग नाव घ्याच्या पयले इचार करायचा होता," नायक म्हणाला.

हिरासिंग वाटेत बाभळीखाली बसला. चुकून निघालं, असं तो सगळ्यांना सांगत होता. पण आपल्याशी बोलताना ते शब्द जमत नव्हते. नाव जिभेवर आलं तेव्हा त्याला ते दिसलं होतं. गिळता आलं असतं. घडीभर, फक्त एक घडीभर, ते बोलावं असं त्याला वाटलं होतं, पोराला लागावं म्हणून. ती एक घडी आता त्याच्या छातीवर दगडासारखी बसली होती आणि तिथून हलत नव्हती.

आठवडा उलटला असेल. वावरात वेचणी चालू असताना बांधाजवळ मोटारसायकल थांबली. एक काळासावळा, मुंडण केलेला तरणा माणूस उतरला. पाठीवर फुगलेली पिशवी होती. त्याच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचे जुने पट्टे होते.

"रामरामी, काका. मी रामधन."

पऱ्हाटीत वाकलेले सगळे उभे राहिले. हिरासिंगच्या ओटीतला कापूस खाली सांडला.

रामधननं पिशवी उघडली. सुनीलनं पाठवलेलं होतं सगळं. हंसाबाईला पांघरूण, आईला खजूर, रंजिताला अत्तर आणि गुलाबी कागदात बांधलेलं काहीतरी, जे तिनं तिथं उघडलं नाही. बापासाठी गुडघ्याला लावायचा पट्टा होता.

"हे त्यानं कवा देल्लं?" हिरासिंगनं विचारलं.

"दिवाळीच्या आंदी घेऊन ठेवलतं. सोता आननार होता ना." रामधन थांबला. "मी निंगालो तवा बोल्ला, घेऊन जाय, आता त्याईले माहं काही चालन का नाही, पाह्य."

रामधन बसून राहिला नाही. पाणी प्यायला, सुखीबाईकडून फडकं मागून पोटाशी बांधलं आणि हिरासिंगच्या शेजारच्या ओळीत वेचायला लागला. त्याचे हात भराभर चालत होते. वेचता वेचता तो तिकडचं सांगत होता. भट्टीपुढं उभं राहिलं की पापण्या कशा करपतात. बाहेर कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी मराठी, आणि साहेबाच्या लेखी सगळे नुसते 'हिंदी'. खोलीचं दार लागलं की सगळे गोर, एकाच जातीचे बंजारे. दिवसभर दुसऱ्यांसाठी रोट्या भाजायच्या आणि शुक्रवारी सुट्टीला ज्वारीची भाकर थापायची. होळीला लेंगी गाणी म्हणायची, पण पांघरुणात तोंड घालून, कारण शेजारच्या खोलीतले रातपाळी करून झोपलेले असतात.

"आमच्यात सुनीलच सगळ्याईच्या घरचं पाह्यते," रामधन म्हणाला. "माह्या बापाची बातमी आली तवा मी भट्टीवर होतो. ह्यानंच मले बाजूले नेऊन सांगतलं. अन् दुसऱ्या दिवशी सायबापाशी जाऊन आपली सुट्टी माह्या नावावर केली. मी नाही म्हनत होतो. तो बोल्ला, माहा बा समजून घेईन. माहा बा तसा नाही."

हिरासिंगचे हात थांबले. वेचायला बोंड समोर होतं, पण ते धूसर झालं होतं.

"रामधन, तो घास कोनं टाकला?" त्यानं विचारलं. दिवसांमागून दिवस तो चर्र आवाज त्याच्या कानात होता. "मी त्याचं नाव घेतलं तवा. तव्यावर आवाज आला. कोनाच्या हातचा होता?"

रामधननं एक बोंड हातात धरलं. "तुमी नाव घेत होते तसं आमी आळीपाळीनं टाकत होतो, काका. माह्या बापाचा घास मी टाकनार होतो, पन माहे हात कापत होते. म्हून सुनील बोल्ला, तुह्या बापाचा मी टाकतो. त्यानं घास धरला. तुमी नाव घेतलं. नाव कानात शिराच्या पयलेच त्याच्या हातानं सोडला." तो बोंड चिवडत राहिला. "आपल्या नावाचा घास त्यानं आपल्याच हातानं टाकला."

सुखीबाईनं पोळलेली बोटं चिंध्यांसकट मुठीत धरली.

"मंग तो उठला अन् ड्युटीवर गेला. लापसी कोनीच खाल्ली नाही." आणि मग रामधन हळूच बोलला, त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "अन् काका, माह्या बापाचं नाव राहूनच गेलं."

हिरासिंगला वाटलं, या पोरानं आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. एका नावानं त्यानं दोन घरांचं वाटोळं केलं होतं. एका घरच्या जिवंताला मेलेल्यांत बसवलं होतं आणि दुसऱ्या घरच्या मेलेल्याला उपाशी ठेवलं होतं.

"तू उद्या थांब," तो रामधनला म्हणाला. "शुक्रवार हाय. सगळे रूमवरच राह्यतीन ना?"

शुक्रवारी पाडवा नव्हता, अमावास्या नव्हती, काहीच नव्हतं. तरी सकाळी हिरासिंगनं स्वतः अंगण सारवलं. बायको करते म्हणाली, त्यानं करू दिलं नाही. लापसीही त्यानंच हलवली, ती खाली थोडी लागली. रामधननं आपल्या फोनवरून खोलीतल्या पोराला सांगून ठेवलं होतं. शेगडी पेटवा, गूळ-रवा करा, आणि सुनीलला बसवा. तो बोलला नाही तरी चालेल, बसवा फक्त.

फोन गुंडाला टेकवला. खोली दिसली. सुनील मागं, पलंगाच्या लोखंडी पायाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. त्यानं या बाजूला बघितलंच नाही. रंजिता पुढं झाली, पदर तोंडात धरून बघत राहिली.

"सुनील, घास हातात घे," हिरासिंग म्हणाला.

शेजारच्या पोरानं वाटी पुढं केली. सुनीलनं घास घेतला.

हिरासिंगनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पणजा. तिकडं दुसऱ्या कुणीतरी घास सोडला, चर्र. आजा, चर्र. बाप, चर्र. भाऊ, चर्र. मग तो थांबला, रामधनला शेजारी ओढून बसवलं आणि दोघांनी मिळून घास धरला.

"फूलसिंग."

रामधनचे खांदे हुंदक्यानं हलले. घास निखाऱ्यावर पडला, धूर सरळ वर गेला. तिकडूनही चर्र आवाज आला.

हिरासिंगनं आणखी एक घास उचलला. कुणाला वाटलं नव्हतं आणखी एक असेल. निखाऱ्यावर हात धरून तो म्हणाला, "सुनील, जिथं तुहं नाव गेलं तिथं तुह्या बदली आता हे नाव घे. टाक."

आणि नाव घेतलं, "हिरासिंग."

"हिऱ्या!" हंसाबाई ओरडली. भिंत सोडून ती पुढं कोसळली आणि तिच्या वाळक्या हातानं लेकाचं मनगट पकडलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला कुणास ठाऊक. घास त्याच्या मुठीतच राहिला.

सगळे फोनकडं कान लावून होते. तवा तापलेला होता. चर्र आवाज यायला हवा होता. आला नाही.

"टाक, बेटा."

"बा." किती दिवसांनी तो आवाज अंगणात आला होता. "त्या दिवशी चुकून निंगालं का तुमच्या तोंडातून?"

सुखीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. हो म्हण, असं तिचे डोळे सांगत होते. एक शब्द, आणि सगळं झाकून गेलं असतं. हिरासिंगच्या तोंडावर तो शब्द आलाही होता. पण याच तोंडातून एकदा नको ते निघालं होतं. आता त्यातून खोटं काढायची त्याची हिंमत झाली नाही.

"नाही," तो म्हणाला. "लोकाईले मी चुकून म्हनतो. पन चुकून नाही. तुले लागाव म्हून घेतलं. घडीभरच, पन मनातून घेतलं. मले माफ नोको करू. पन तू मले खोटा नोको समजू."

रामधननं मान खाली घातली. विस्तवावर राख धरायला लागली.

"मले समजलंच होतं," सुनील म्हणाला. घास त्यानं बोटांत फिरवला. "बा, तुमच्या नावाचा घास माह्या हातात हाय. टाकवत नाही. काय करू?"

हिरासिंगनं मूठ घट्ट मिटली. आईनं अजून मनगट सोडलं नव्हतं.

"खाय," तो म्हणाला.

सुनीलनं घासाकडं बघितलं. मग पहिल्यांदा इकडं बघितलं. बापाकडं, अंगणाकडं, रंजिताकडं. त्यानं घास तोंडात घातला. अंगणात इतकी शांतता होती की समुद्रापलीकडचं ते चावणं सगळ्यांना ऐकू आलं. हिरासिंग ते ऐकत राहिला. नायकानं सांगितलेला, बापाच्या नावचा घास पोरानं खाल्ला होता. मुठीतला आपल्याच नावाचा घास खायचा की ठेवायचा हे त्याला समजेना, आणि कुणाला विचारायचीही त्याला लाज वाटत होती.